आठ हात लांब, सहा हात रुंद

"आठ," असं म्हणत तुळसाबाईनं कोपर उचललं आणि तिथं पांढऱ्या मातीचा ठिपका ठेवला. "आता रुंदीले कितीक?"

"नऊ फूट. म्हंजे सहा हात," सत्यशीला पत्रातून मान वर न काढता म्हणाली.

अंगण सकाळीच सारवलेलं होतं. तुळसाबाईनं गुडघ्यांवर सरकत सहा हात मोजले, चारी बाजूंनी रेघा ओढल्या, दारापुरती जागा मोकळी सोडली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मुलगा भीमराज इंग्लंडात जाऊन चार महिने झाले होते. तो तिकडं कसा राहतो, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

भीमराज दिग्रसच्या एका कापसाच्या जिनात फिटर होता. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी मिळाली आणि तो थेट परदेशातल्या लोखंडाच्या कारखान्यात जाऊन पोचला. फिटर माणूस पत्र लिहितानाही फिटरच राहतो. खुशालीची एक ओळ, बायकोची आठवण येते याची अर्धी, आणि बाकी सगळी मापं. खाली निळ्या शाईनं, पट्टी धरून काढलेला खोलीचा नकाशा.

सत्यशीला सातवी शिकलेली, तेव्हा वाचायचं काम सुनेचं. तुळसाबाईला अक्षर येत नव्हतं. पण बावीस हंगाम तिनं त्याच जिनात कापूस निवडण्यात घालवले होते. पांढऱ्या ढिगातलं एक पिवळं बोंड तिला चालता चालता दिसे.

"खोली भेटाले तरास झाला म्हने," सत्यशीला वाचत होती. "तीन घरवाल्यांनी नाई म्हटलं."

"तिकडंही जात इचारतात का मंग?"

"नाई. रंग पाहूनच नाई म्हटलं. जातीपर्यंत गेलेच नाईत."

"म्हंजे तिकडं काम लवकर उरकते," तुळसाबाई म्हणाली. "चौथ्यानं काय इचारलं?"

"चौथी म्हातारी व्हती. तिनं इचारलं, बूट पुसून वर येशील का. बस."

मग खाट मांडली गेली, टेबल मांडलं गेलं. दाराच्या डाव्या हाताला सत्यशीलेनं ठिपका ठेवून नळ दाखवला.

"घरात नळ?"

"खोलीतच."

"कोनालेच न इचारता पानी घेते तो?"

"हो, आत्याबाई."

तुळसाबाई त्या ठिपक्यापाशी जाऊन उभी राहिली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीनं स्वतःची विहीर खोदली. त्याआधीचं तिचं अर्धं आयुष्य, कोणी तरी वरून घागरीत पाणी ओतील म्हणून दुसऱ्याच्या विहिरीच्या ओट्याखाली उभं राहण्यात गेलं होतं. ती तिथं जरा जास्तच वेळ थांबली.

तेवढ्यात शेजारची इंदूबाई विस्तव मागायला आली आणि सरळ रेघेवरून आत शिरली.

"काहून व, भिंतीतून आली?" तुळसाबाई म्हणाली. "दार तिकडं हाये."

इंदूबाईनं हे सगळ्या वस्तीला सांगितलं. पोरगा तिकडं राहून राह्यला अन् माय इकडं घर बांधून राह्यली, अशी थट्टा पुष्कळ दिवस चालली. तुळसाबाईनं ती चालू दिली. दर आठ दिवसांनी सारवण झालं की ती ओल सुकायची वाट पाही आणि खोली पुन्हा काढी.

वर्ष उलटल्यावर मोठं पाकीट आलं. सत्यशीला ते घेऊन आधी आत गेली. असं ती कधी करत नसे. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"नवं घर घेतलं भाड्यानं. दोन खोल्या. मले बोलावलं," ती म्हणाली. आनंद झाला होता, पण तो तिला नीट दाखवता येत नव्हता. "हे मोठी खाट. हे माही शिलाई मशीन. अन् ह्या आतल्या खोलीत तुमची खाट."

तुळसाबाईनं कागद हातात घेतला. सगळ्या रेघा निळ्या, पट्टीच्या. आतल्या खोलीतली खाट तेवढी पेन्सिलीची होती, आणि तिची एक बाजू तिरपी गेली होती. ते दिसायला तिला काही वेळ लागला नाही.

तिला वाईट वाटलं. मुलानं दोन खोल्या इंच इंच मोजल्या आणि त्यात आई कुठंच बसवली नाही, याचं वाटलंच. पण सून आत बसून पेन्सिल शोधत होती, हे कळल्यावर बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

"खाट चांगल्या जागी हाये," ती म्हणाली. "पन मी येत नाई. मले यवतमाळपर्यंत एस.टी.त उलट्या होतात. बोटीत मले कोन सांभाळीन?"

"मी सांभाळीन."

"तू तुही मशीन सांभाळ."

सत्यशीला भिंतीकडं तोंड करून रडली. तुळसाबाईनं रडू दिलं आणि चुलीकडं गेली.

पासपोर्टात सात महिने गेले. निघायच्या दिवशी भीमराजच्या ओळखीचा जिनातला माणूस मुंबईपर्यंत सोबत होता. एस.टी. लागली, ट्रंक वर चढली. खिडकीतून सत्यशीला म्हणाली, "आत्याबाई, आता चिठ्ठी कोन वाचून दाखवीन तुमाले?"

"नकाशा काढून धाडत जा. तेवढा मले वाचता येते."

सत्यशीला तिच्याकडं पाहत राहिली. गाडी सुटली.

आठव्या दिवशी तुळसाबाईनं अंगण सारवलं. यावेळी माप सांगायला कोणी नव्हतं; तिला ते पाठ होतं. दोन्ही खोल्या काढल्या, मोठी खाट, मशीन, नळ. सगळ्यात शेवटी आतल्या खोलीत दुसरी खाट काढली आणि तिची एक बाजू तिरपीच ठेवली. मग सूप घेऊन त्या खाटेच्या जागी तूर निवडत बसली.

इंदूबाई आली. तोंडाशी आलेली थट्टा तिनं गिळली असावी. रेघेपाशी थांबली, लुगडं सावरलं, वळसा घालून दारातून आत आली आणि पहिली खोली ओलांडून उभी राहिली.

"बसू कुठी?"

तुळसाबाई जराशी सरकली.

"इथी बस. हे माही खाट हाये."

इंदूबाई बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.