भाऊकीचा पाथ

कॉम्प्युटरच्या एका ओळीत नाव नाही म्हणून कोणी जेवण सोडलेलं तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. धुळ्यात, देवपुरात, आमच्याच घरी, चौऱ्याण्णव साली. रुसणारे माझे सासरे, नाना. नाव पितांबर, रिटायर्ड तलाठी. उभा जन्म लोकांच्या सातबाऱ्यावर नावं चढवण्यात गेला, त्यामुळे नाव कुठे चढलं नाही की माणसाचा जीव कसा होतो ते त्यांना बरोबर ठाऊक.

कॉम्प्युटर माझा होता. मी घरीच टायपिंगची कामं घ्यायचे. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत दारावर येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, नाना आहेत का? मशीन आल्यावर पहिल्यांदा लोक विचारायला लागले, कुंदाताई आहेत का? खोटं कशाला बोलू, मला ते गुळासारखं लागायचं.

त्या आठवड्यात माझ्याकडे कॉलेजातल्या वनासरांचा प्रबंध होता. सोमवारी तो जळगावला विद्यापीठात द्यायचा होता, आणि नव्वद पानं छापायची राहिली होती. नानांनी आधीच बजावून ठेवलं होतं, हे काम वेळेत झालं नाही तर कॉम्प्युटरचा पेटारा थोरल्या दिरांच्या बियाण्याच्या दुकानात जाईल. तिथे तो कोणी चालवणार नव्हतं. वर पंचांग ठेवलं असतं.

गुरुवारी जळगावचा कॉम्प्युटरवाला अभिमन आला. ह्यानेच जळगावहून मशीन आणून जोडून दिलेलं. मला दर वेळी मशीनच्या पोटातल्या वेगवेगळ्या खोल्यांत, म्हणजे डिरेक्टरींत, शिरून प्रोग्रॅम शोधावे लागायचे, म्हणून त्याने एक ओळ लिहून दिली. तिला पाथ म्हणतात. नाना बाजूलाच बसलेले, म्हणून त्याने त्यांनाही समजावलं. नाना, तुम्ही मशीनला एक काम सांगितलं की ते या ओळीतल्या घरांवर क्रमाने जातं. पहिल्या दारात विचारतं, नसलं तर दुसऱ्या. नानांनी विचारलं, पहिलं घर कोणाचं? अभिमन बिचारा सरळ माणूस. म्हणाला, पहिलं डॉसचं, दुसरं वहिनींचं, टायपिंग-छपाईचं.

नाना उठून ओट्यावर गेले. संध्याकाळी जेवले नाहीत.

आता यात नानांचीही एक बाजू होती, ती सांगितली पाहिजे. थोरल्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत नानांच्या चुलतभावाचं, आधारकाकांचं, नाव चुकून त्यांच्याच धाकट्या भावाच्या खाली छापलं गेलं होतं. काका लग्नाला आले नाहीत. पुढे चार वर्षं आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. नुकतेच कुठे बोलायला लागले होते. अशा घरात एक ओळ निघते, तिच्यात घरं मांडलेली, क्रमाने, आणि त्यात कर्त्या पुरुषाचा पत्ता नाही, सुनेचं नाव आहे. शिवाय पहिल्या पाटावर कोणी परका.

“हाऊ डॉस कोन शे?” नानांनी शुक्रवारी सकाळी मला विचारलं.

मी सांगितलं, तो मशीनचा मूळ प्रोग्रॅम, त्याच्यावरच सगळं चालतं. ते म्हणाले, चालू दे, त्याला जेवू घाला, पण शेवटच्या पंगतीत. मग त्यांनी यादी सांगितली आणि मी टाइप केली, कारण आमचे हे म्हणाले, नाना म्हणतात तर टाक ना, तुझं काय जातंय. आधी कुलदेवी. मग नानांचे वडील, कैलासवासी आबा. मग नाना, त्यांचे तीन भाऊ, आधारकाका, माझे दोन दीर, आमचे हे, दोन जावई. तेरावी मी आणि चौदावा डॉस. प्रत्येकासाठी आत एकेक रिकामी खोली पण केली. देवीच्या खोलीत काय ठेवू, विचारलं तर नाना म्हणाले, सध्या तशीच असू दे.

शनिवारी मशीन लावलं, छपाईची आज्ञा दिली. मशीन म्हणालं, बॅड कमांड. परत दिली, परत तेच. कोपऱ्यावरच्या बूथवरून जळगावला फोन केला. अभिमनने सगळी नावं विचारून घेतली आणि म्हणाला, वहिनी, या ओळीत एकशे सत्तावीसच अक्षरं मावतात. पुढचं मशीन वाचत नाही. आत शिरून लिहिता येईल, पण छापताना ते पाथवरच शोधतं. नावं कमी करा. मी घरी येऊन मोजलं. धाकट्या जावयाच्या नावाची तीन अक्षरं आत होती, बाकीची बाहेर. मी आणि डॉस तर खळ्यातही नव्हतो.

हे ऐकून नानांचा चेहरा उतरला. मी बाहेर, त्याचं काही नाही. जावई अर्धे उंबऱ्याबाहेर!

रविवारी सकाळी बैठक बसली. दोन्ही दीर आले, आधारकाका आले. अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वीस माणसांची वरण-बट्टी रांधली. प्रश्न एकच, गाळायचं कोणाला? देवीला गाळता येत नाही. आबांना गाळायचं तर माफी मागायला जायचं कुठे? आधारकाकांकडे तर कोणी बघेचना. नुसतं बोट दाखवलं असतं तरी आणखी चार वर्षं गेली असती. मी दोनदा सांगितलं की डॉस आणि मी राहिलो नाही तर मशीन चालणारच नाही. थोरले दीर म्हणाले, कुंदा, मोठी माणसं बोलताहेत.

शेवटी नानांनी तोडगा काढला. घरच्याला कसला मान? आमच्या ह्यांना गाळा, कुंदाला गाळा, आणि तो डॉस तर भाऊकीतलाच नाही. मोजलं. एकशे चोवीस अक्षरं झाली. जावई पूर्ण आत आले, वर तीन अक्षरांची जागा उरली. बैठकीला इतका आनंद झाला की काकांनी स्वतः होऊन बट्टी मागून घेतली. सगळ्यांचा मान राहिला, फक्त मशीन बंद पडलं. आणि त्याबद्दल नाना म्हणाले, नाही चालत तर थोरल्याकडे पाठवून देऊ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी वाढत राहिले.

तीन वाजता पुरुष घोरायला लागले. मी मशीन लावलं, ती ओळ उघडली आणि देवीपासून जावयापर्यंत सगळी पुसली. देवीची तेवढी मनात क्षमा मागितली. दोनच नावं लिहिली, डॉस आणि कुंदा. बंद करून परत लावलं, आज्ञा दिली. छापयंत्र करकरत सुरू झालं. मला रडूच आलं, खरं सांगते.

एकाहत्तरावं पान निघताना कागद संपला. मी नवा लावत होते, तेवढ्यात नाना उठून आले. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. म्हणाले, चालतं की! ती ओळ वाचून दाखव. मी त्यांच्यासमोर ओळ उघडली. दोन नावांकडे बघत, एकेक श्वास घेत, अकरा नावं वाचली. देवी, कैलासवासी आबा, पितांबर, सगळे, धाकटे जावई. नानांनी डोळे मिटून ऐकली. मग समाधानाने चहा सांगून ओट्यावर गेले.

अक्का दारात उभ्या होत्या, हात पिठाचे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नाना गेल्यावर आत आल्या आणि अगदी हळू विचारलं, “तठे मनं नाव शे का?”

शुक्रवारच्या यादीत मी आणि डॉस सोडून बारा नावं होती, रिकाम्या खोल्या बारा होत्या. त्यांचं नाव नव्हतं. नानांनी सांगितलं नव्हतं, ठीक आहे. पण टाइप मी करत होते, आणि मला आठवलंही नव्हतं. त्यांना फसवायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, “नाही अक्का.”

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला वळल्या. मी त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं. त्यांच्या नावाची एक खोली केली, रुक्माबाई. ओळीत नाव लिहिलं, माझ्या आधी, डॉसच्याही आधी. बोट ठेवून दाखवलं.

“पहिलं?” अक्का म्हणाल्या.

“पहिलं.”

त्यांनी पदराने काच पुसली. बराच वेळ त्या आठ इंग्रजी अक्षरांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “त्यासले नको सांगू.”

ओट्यावरून नानांनी चहाची आठवण करून दिली. अक्का उठल्या नाहीत. नव्वद पानं होईपर्यंत त्या तिथेच बसून होत्या.