बुडाच्या गडावर बयाबाई

वरव्याच्या आनंदराव इनामदारांना युरोप बघायचा होता आणि बयाबाईंना आपला मुलगा. दोन्ही एकाच तिकिटात होत असल्यामुळं छत्तीस साली नवराबायको मुंबईहून आगबोटीत बसले. मुलगा मानसिंग व्हिएन्नात डॉक्टरकी शिकत होता. भोरात विलायत पाहिलेली माणसं तशी होती, पण सगळी लंडनला जाऊन आलेली. चिमाजीराव वकील तर परत आल्यापासून नीरेच्या पुलावर उभं राहूनही थेम्सच्या पाण्याविषयी बोलायचे. आनंदरावांना ते फार दिवस खुपत होतं. जिथं भोरातलं मांजरसुद्धा गेलेलं नाही असं गाव बघून यायचं, असा त्यांचा निर्धार होता.

बयाबाई पासलीच्या, तोरण्याच्या मागच्या अंगाच्या. त्यांनी सोबत घेतलेलं तिखटाचं गाठोडं आनंदरावांनी मुंबईच्या धक्क्यावरच हमालाला देऊन टाकलं. "तिकडं तिखटाचा वास सुटला तर लोक काय म्हणतील?" असं ते म्हणाले. लोक काही म्हणाले नाहीत. बयाबाई मात्र त्या दिवसापासून उकडलेले बटाटे खात होत्या. आनंदराव काट्याचमच्यानं तेच बटाटे खायचे आणि फर्मास म्हणायचे.

व्हिएन्नात पहिला आठवडा बरा गेला. मग बयाबाईंनी लुगडं धुऊन मुलाच्या खोलीच्या खिडकीतून वाळत सोडलं. नऊवारच ते, खालच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत अंधार झाला. त्यातच आनंदरावांनी मानसिंगच्या प्राध्यापकांना गाठून शरीरशास्त्रावर चार शब्द सुनावले. मानसिंग दुसऱ्याच दिवशी डॅन्यूब नदीतल्या बोटीची दोन तिकिटं घेऊन आला.

"आबा, बुडापेस्ट बघून या. फार ऐतिहासिक राजधानी आहे," तो म्हणाला. "सावकाश बघा. घाई करू नका."

"भोरातलं कोणी गेलंय का तिथं?" आनंदरावांनी विचारलं.

"कुणीच नाही."

झालं. निघाले.

नदीतला प्रवास बयाबाईंना मनापासून आवडला. कुठं चालायचं नव्हतं, काही बघायचं नव्हतं, जे होतं ते आपणहून समोरून जात होतं. काठावर बदकं होती, गुरं होती, कपडे आपटणाऱ्या बाया होत्या. आनंदराव हातातल्या पुस्तकातून डावीकडचा किल्ला वाचून दाखवेपर्यंत तो मागं पडलेला असायचा.

"गावाचं नाव काय म्हनलं?" बयाबाईंनी उतरायच्या वेळी विचारलं.

"बुडापेस्ट. एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट."

"नदीच्या काठाला गाव वसवायचं आन् नाव ठेवायचं बुडा. मुहूर्त कुनी काडला व्हता?"

आनंदराव धक्क्यावरच्या गर्दीकडं वळले. त्यांना वाटाड्या ठरवायचा होता. लायोश नावाचा एक उंच, उदास माणूस मिळाला. तो इंग्रजीत सांगायचा आणि आनंदराव ते बयाबाईंना मराठीत सांगायचे. लायोश फर्लांगभर बोलला की आनंदरावांकडून वीतभर यायचं.

सकाळभर पुतळे झाले. सगळे घोड्यावर.

"ह्यो कोन?"

"राजा."

"आन् त्यो पलीकडचा?"

"तोही राजा."

"मग घोड्याला दाना कोन घालत व्हतं?" बयाबाई म्हणाल्या. हे काही आनंदरावांनी लायोशला सांगितलं नाही.

मुलानं घेऊन दिलेले बूट बयाबाईंना चावत होते. त्या एका देवळात बसल्या, दुसऱ्यात बसल्या, तिसऱ्याच्या बाहेरच बसल्या. मग गड आला. नदीला लागून टेकडी, टेकडीवर राजवाडा, आणि वर जायला दोरानं ओढायची गाडी. शहाणीसुरती माणसं त्या गाडीत बसून गडावर चालली होती.

"म्या न्हाई बसनार," बयाबाई म्हणाल्या. "गडावर का कुनी गाडीत बसून जातं? दुखनाईत हाय का म्या?"

"अगं, इथं सगळे बसतात."

"बसू द्या."

आनंदरावांचं पोट बरंच पुढं आलेलं होतं. ते लायोशबरोबर गाडीत बसले. बयाबाईंनी बूट काढून हातात घेतले, ओचा खोचला आणि पायवाटेनं वर निघाल्या. वर पोचल्या तेव्हा दोघं त्यांची वाट बघत उभे होते.

"गड कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हाच की."

बयाबाईंनी चहूकडं पाहिलं. झाडं, बाकं, फरसबंदी, छत्रीवाल्या बाया. "ह्यो? आमच्या तोरन्याच्या बुधल्या माचीच्या कनवटीला लागंल ह्यो. आन् पान्याचं टाकं कुठाय?"

लायोशला वाटलं, बाईंना इतिहासात रस आहे. त्यानं टोपी काढली आणि त्या गडाची सर्वांत दुःखाची गोष्ट सांगायला घेतली. तुर्कांनी म्हणे हा गड लढून घेतलाच नाही. त्यांनी बाहेर तंबू ठोकले, इथल्या सरदारांना मेजवानीला बोलावलं. इकडं त्यांचे शिपाई दोघं-चौघं करून आत आले. काय वाडे, काय मनोरे, असं म्हणत माना वर करून हिंडले. पुरेसे जमल्यावर त्यांनी दरवाजे धरले. पुढं दीडशे वर्षं ते हलले नाहीत.

सांगताना लायोशचा आवाज जड झाला होता. आनंदरावांनीही आवाज जड करून ते मराठीत आणलं.

"म्हंजे बघाया आले आन् ऱ्हायलेच?" बयाबाई म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"आवो, तुमच्या किकवीच्या आत्या न्हाई का अशाच आल्या? चार दिस वाडा बघून जाते म्हनल्या. कोठीच्या किल्ल्या घेतल्या आन् मेल्या तवाच गेल्या."

आणि बयाबाईंना हसू फुटलं. आत्या, त्यांच्या डोक्याला तुर्की पागोटं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असं काहीतरी डोळ्यांपुढं आलं आणि त्या पायरीवर बसून, तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. लायोश टोपी हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिला.

"माझी आत्या होती ती," आनंदराव म्हणाले.

"म्या कुठं माजी म्हनले?"

"तुला काही दाखवण्यात अर्थ नाही. बस इथंच. आम्ही बघून येतो." आणि ते ताडताड निघून गेले. लायोश मागोमाग.

बयाबाई पोट धरून बसल्या. हसू ओसरलं तसं त्यांना जरा वाईट वाटलं, पण आत्या खरंच तशा होत्या, त्याला काय करणार? मग त्या उठल्या. बूट कठड्यावर ठेवले आणि अनवाणीच गल्लीत शिरल्या. राजवाड्यामागं साधी घरं होती. एका घराचं फाटक उघडं होतं आणि आतल्या चौकात भिंतभर लाल मिरच्यांच्या माळा टांगल्या होत्या.

बयाबाई थबकल्या. मग तुर्कांसारखीच मान वर करून बघत बघत आत गेल्या.

चौकात काळ्या रुमालाची एक म्हातारी टोपलीतल्या मिरच्या सुईदोऱ्यात ओवत बसली होती. तिनं वर पाहिलं. लुगडं, कुंकू, नथ, वरून लोकरीचा कोट, खाली उघडे पाय. ती काहीतरी म्हणाली.

"वरव्याची," बयाबाई म्हणाल्या. "तसं म्हायेर पासली."

म्हातारीनं शेजारचं स्टूल पुढं सरकवलं. बयाबाईंनी सुई घेतली. दोघी ओवू लागल्या. म्हातारीनं छातीवर हात ठेवून "इलोना" असं सांगितलं, बयाबाईंनी "बया" सांगितलं, आणि पुढं जी ती आपापल्या भाषेत बोलत राहिली. बयाबाईंनी बटाट्यांविषयी सगळं सांगून टाकलं. इलोनाही कुणाविषयी तरी रागानं बोलत होती. सूर ओळखीचा होता. बयाबाईंनी जिथं मान हलवायची तिथं हलवली.

मग एक मिरची त्यांनी मोडून तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली.

"ही मिरची?" त्या म्हणाल्या. "हिच्यापरास आमची काकडी तिकाट."

तोंड बघून इलोनाला कळलं. ती तडक आत गेली आणि एका वाडग्यात बोराएवढ्या गोल लाल मिरच्या घेऊन आली. बोट हलवून तिनं बजावलं, चिमटीनं दाखवलं, एवढीशीच. बयाबाईंनी अख्खी उचलली. कान तापले, नाकातून पाणी आलं, डोळ्यांना धार लागली, आणि मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. इलोनानं आधी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग मांडीवर थाप मारून हसली.

पुढचं सगळं बयाबाईंनी हातांनी सांगितलं. लसूण आला, मीठ आलं, पितळी खल आला. चुलीवर तवा चढला आणि त्यात त्या गोल मिरच्या पडल्या. धूर उठला तो चौक भरून वर गेला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, कुणीतरी खोकलं, खिडकी मिटली. दुसरीकडं मूल शिंकायला लागलं. इलोना रुमाल नाकाला लावून खल कुटत होती आणि तिला कधी नव्हे ती मजा येत होती.

बाहेर गल्लीत कुणीतरी ओरडत होतं. "बया. ए बया." बयाबाईंना वाटलं, इथल्या भाषेतलं काहीतरी असेल. त्यांना त्या नावानं हाक मारणारं माहेरी एक भाऊ सोडून कुणी राहिलं नव्हतं. आनंदराव लग्नापासून "अगं"वर भागवत आले होते.

फाटकातून आनंदराव आत आले. डोक्यावर टोपी नव्हती, कोटाची बटणं उघडी होती. मागं लायोश, त्याच्यामागं एक पोलीस. तिघंही खोकत होते. आनंदरावांच्या हातात बयाबाईंचे बूट होते.

"कठड्यावर होते," ते म्हणाले. "कठड्यावर. खाली केवढा कडा आहे, कळतंय का तुला?"

"कडा कसला, उतार हाय," बयाबाई म्हणाल्या. मग त्यांना उमगलं. नवऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मिरचीचं की कशाचं, ते त्यांना कळेना, आणि त्यांनी विचारलंही नाही. आत्यांविषयी बोललेलं मागं घ्यावं असं क्षणभर वाटलं, पण तेही त्यांनी राहू दिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "खर्डा केलाय."

"इथं? परक्याच्या घरात? लोक काय..." असं म्हणता म्हणता आनंदरावांनी पाहिलं, पोलिसानं पट्टा सैल करून पावाचा तुकडा खलात बुडवला होता. मग तेही बसले. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला हुंकार दिला. काटाचमचा त्यांनी मागितला नाही. इलोनाच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं घरातून जर्दाळूची दारू आणली. आनंदरावांनी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं, मग घेतली. थोड्या वेळानं ते लायोशला तोरण्याविषयी सांगत होते, आधी इंग्रजीत आणि नंतर मराठीत. लायोशच्या चेहऱ्यावरची उदासी तिखटानं बरीच उतरली होती. त्यानं तुर्कांना एक शिवी दिली. आनंदरावांनी ती बयाबाईंना भाषांतर करून सांगितली, आणि या वेळी वीतभरही कमी केली नाही.

उरलेली राजधानी राहूनच गेली. संध्याकाळी आनंदरावांचे पाय त्यांच्या ताब्यात नव्हते, म्हणून बयाबाई त्यांच्या कोटाची बाही धरून दोरीच्या गाडीत बसल्या आणि खाली उतरल्या. नदीपलीकडची पार्लमेंटची इमारत त्यांनी तेवढी गाडीतून पाहिली. भोरात परतल्यावर आनंदरावांनी चिमाजीरावांना त्या इमारतीतले जिने, गालिचे आणि झुंबरं तपशिलानं सांगितली. बयाबाई आत चहा गाळत होत्या. त्यांनी काही दुरुस्ती केली नाही.

दिवाळीला त्या पासलीला गेल्या. भावजय ठकुबाई आणि वाडीतल्या दोघीतिघी भाताच्या खळ्यावर त्यांच्याभोवती बसल्या. नदी, गड, तुर्क आणि आत्या हे सांगून झालं, आत्यांना सगळ्या पोटभर हसल्या. इलोनाचं सांगितल्यावर ठकुबाईनं विचारलं, "तिला सुना किती?"

बयाबाईंनी कपाळाला हात लावला. "ते इचारायचंच ऱ्हायलं."

"येवड्या माळा एकलीच ववत व्हती म्हंजे सुना नसत्याल," एक जण म्हणाली.

"न्हाई तर असून नसल्यागत," ठकुबाई म्हणाली. "कुनाच्या तरी नावानं बोटं मोडत व्हती म्हनता न्हवं? मग हाय एक तरी."

यावर बराच वेळ वाद चालला. शेवटी तिला एक सून आहे, ती आळशी आहे आणि म्हातारीच्या पाठीमागं गोड मिरच्याच स्वयंपाकात घालते, असं ठरलं. बयाबाईंना ते पटलं.