लाल्या, निळी आणि झाकलेला आरसा

आमच्या घरात आधी मासा आणि मग माणूस, हे मला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं. पांचेवो शहरातल्या आमच्या घराच्या बैठकीत भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यातले खडक आणि त्यांवर वाढलेली प्रवाळं माझ्या नवऱ्याने, राडोमिरने, वर्षानुवर्षं खपून रचलेली. आणि त्या सगळ्याचा मालक होता लाल्या. बोटभर लांबीचा बुटका एंजलफिश, लालभडक, अंगावर उभे काळे पट्टे. बुटका तो नुसता अंगाने. रागाच्या बाबतीत आमच्या अख्ख्या गल्लीला पुरून उरेल. या जातीची पिल्लं सगळी माद्याच असतात, पुढे ज्याची दादागिरी चालते तो नर होतो. सासूबाई म्हणायच्या, माणसांतही तसंच असतं, फक्त कुणी कबूल करत नाही.

गेल्या शरदात धाकटा दीर सावा मारिबोरहून परत आला. नोकरी गेलेली, बायको गेलेली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. बादलीत निळी होती. तीही बुटकी एंजलच, निळसर जांभळी, कुशीला नारिंगी झाक. टाकी विकली, सामान विकलं, पण ती काही त्याच्याच्याने विकवली नाही.

राडोमिरने बादलीत डोकावलं आणि मान हलवली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणाला. बोलला तो माशांबद्दलच, पण सावाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याने ते स्वतःबद्दल ऐकलं. बॅग त्याने उघडलीच नाही, दाराशीच ठेवली.

सासूबाई पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या, पण कान तिखट. त्यांची एकच इच्छा उरली होती: दोन्ही पोरं या छपराखाली राहावीत. त्यांनी थोरल्याला हाक मारून घेतलं.

"तुला एवढे दगड रचता येतात," त्या म्हणाल्या, "आणि एक भाऊ ठेवता येत नाही?"

राडोमिर आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. बाह्या सरसावून कामाला लागला. मासे पाळणाऱ्यांची नवा मासा सोडायची एक रीत आहे. जुन्याची जागा मोडायची, म्हणजे घर आपलंच आहे असं त्याला वाटत नाही. म्हणून त्याने निम्मे खडक हलवले. निळीला आधी टाकीतच भोकं पाडलेल्या पेटीत ठेवलं, मग दिवे मालवून सोडलं. आणि न्हाणीघरातला दाढीचा आरसा काढून टाकीच्या काचेला बाहेरून टेकवला, तोंड आत करून. आरशात लाल्याला दुसरा लाल्या दिसला. तो दिवसभर त्याच्याशीच झुंजत राहिला, कल्ले फुगवून, शेपटी आपटून, आणि निळीला टाकीच्या दुसऱ्या टोकाला एक बीळ सापडलं. पाचसहा दिवसांत ती बाहेर येऊन खायला लागली.

तेवढ्यात एक सुखाची गोष्ट घडली. दोघे भाऊ सकाळची कॉफी टाकीसमोर प्यायला लागले. बोलणं असायचं ते माशांचंच. पण सावाची बॅग दारातून हलून जिन्याखाली गेली होती. मी रोज ती किती सरकली ते बघायचे.

आणि सासूबाई गेल्या.

घर माणसांनी भरलं. कोसारा काकू, म्हणजे सासऱ्यांच्या भावाची बायको, काळी कापडं काखेत घेऊनच आली. माणूस गेलं की घरातले आरसे झाकायचे, नाहीतर जीव त्यात अडकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकूने सगळ्यांदेखत राडोमिरच्या हाती कापडं दिली, आरसे झाक म्हणाली, आणि तो मुकाट्याने आत गेला. मग आम्ही शवपेटीमागून स्मशानात गेलो.

परत आल्यावर लोक जेवायला बसले. सावा तेवढा टाकीकडे गेला. मी सूप वाढत होते, तो तिथेच खिळल्यासारखा उभा दिसला म्हणून गेले. टाकीच्या आरशावरही काळं कापड घातलेलं होतं, थेट आरसा आणि काच यांच्या मधे. आरशातला शत्रू नाहीसा झाल्यावर लाल्याने टाकीभर शोध घेतला असणार. निळी पंपापाशी आडवी पडली होती, पर फाटलेले, एक डोळा पांढरा. आमच्यासमोर तिने कशीबशी उसळी घेतली आणि खडकाच्या भेगेत शिरली.

राडोमिर मागे येऊन उभा राहिला.

"कापड टाकताना आत कोण आहे ते माहीत होतं तुला," सावा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आईला मातीत ठेवेपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही, दादा?"

राडोमिर वाकून त्या भेगेत बघत राहिला. बैठकीतले चमचे थांबले होते. सावाने जिन्याखालची बॅग उचलली, मला "येतो वहिनी" म्हणाला, आणि गेला.

लोक गेल्यावर मी नवऱ्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, हॉलमधला आणि कपाटाचा, एवढेच झाकले, टाकीच्या बाजूला फिरकलोही नाही. मग तेव्हाच का नाही बोललास, म्हणून मी भडकले. आजच्या दिवशी आईच्या जेवणात उभं राहून मी खुनी नाही असं सिद्ध करत बसू का, असं त्याने विचारलं. अशा माणसापुढे डोकं फोडून काय होणार?

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीतलं निम्मं पाणी उपसलं. खडकांच्या कपारींतून लाल्याला पकडायचं तर दुसरा उपाय नव्हता. एकेक खडक उचलून तो टबात ठेवत गेला. प्रवाळांच्या फांद्या काडकाड मोडत होत्या आणि तो थांबत नव्हता. मला बघवेना. शेवटी लाल्या जाळ्यात आला, तेव्हा राडोमिरने तळहाताने बादली झाकली आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग बादली घेऊन बाजारातल्या माशांच्या दुकानात गेला आणि लाल्याला तिथे देऊन आला.

निळी जगेल याची खात्री नव्हती. सावा माझा फोन उचलत नव्हता. संदेश पाठवते म्हटलं, तर राडोमिर म्हणाला, "जिवंत आहे म्हणून कळवलं आणि मग मेलीच, तर त्याला दोनदा कशाला मारायचं?" नंतर ती खायला लागली, पण तोवर ह्याचा हट्ट मुरला होता. यायचं तेव्हा येईल, आपल्या डोळ्यांनी बघेल. आरशावरचं कापड त्याने काढलं नाही, ते आईसाठी घातलेलं, चाळीस दिवसांनीच निघायचं म्हणे. दाढीही सुतकात करायची नव्हती, त्यामुळे न्हाणीघरातला मोकळा खिळा कुणाला खटकला नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला सावा आला. हातात बॅग नव्हती. थडग्यावर मेणबत्त्या लावून आम्ही घरी आलो. दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले, दोघांच्या दाढ्या वाढलेल्या, आणि दोघे आता अगदी सारखे दिसत होते. कोसारा काकू आरशांवरची कापडं काढत घरभर फिरत होती. टाकीशी आली आणि तिची टकळी सुरू झाली.

"तुझ्या नवऱ्याला एक काम धड येत नाही, देसांका," ती मला म्हणाली. "दोन झाकले की झालं! हा इथला मलाच झाकावा लागला. माशाला आरसा! मेल्यांनो, त्याला काय भांग पाडायचाय?"

आणि कापड ओढलं.

सावा हळूच उठला. काचेपाशी गेला. आत निळी होती, पर पुन्हा आलेले, एका डोळ्यावर तेवढा पांढरा ठिपका. आरशात स्वतःला बघून ती फुगली आणि चालून गेली. सावा खाली वाकून टाकीभर बघत राहिला. खडक ओबडधोबड रचलेले, प्रवाळांची नुसती खुंटं. लाल्या कुठेच नव्हता. तो वळून भावाकडे बघायला लागला, पण राडोमिर ताटातला पाव मोडत होता.

राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणायच्या निमित्ताने सावा कोठीत गेला आणि तिथून त्याने मला हाक मारली. कोठीत टाकीच्या मिठाच्या गोण्या होत्या, छतापर्यंत.

"वहिनी, एवढं मीठ कशाला?"

"तुझा भाऊ आणतो," मी म्हणाले. मला आता राग आवरत नव्हता, दोघांचाही. "दर दोन दिवसांनी मीठ आणायला जातो. दुकानात लाल्यासमोर उभा राहतो. दुकानदार काय म्हणेल म्हणून एक गोणी घेऊन येतो. लोणचं घालायचंय का तुम्हा दोघांचं?"

सावा गोणीवर बसला. तोंडावर हात घेऊन बसला होता, रडत होता की काय मी बघितलं नाही, बाटली घेऊन बाहेर आले.

काही वेळाने तो आला आणि भावाच्या शेजारच्या खुर्चीत बसला. सासूबाईंच्या खोलीचं दार अजून बंद होतं. आम्ही कुणी तिथे जात नव्हतो. त्याने तिकडे बघितलं.

"दादा, आईच्या खोलीत दुसरी टाकी मांडू," तो म्हणाला. "लाल्याला आणू. एका म्यानात एकच, तुझंच म्हणणं."

राडोमिरने ताट बाजूला सारलं.

"टाकीला रोज माणूस लागतं," तो म्हणाला. "दोन टाक्या मला एकट्याला झेपायच्या नाहीत."

"मी आहे ना," सावा म्हणाला. "आणि मीठ तर आहेच."

राडोमिर उठला आणि खुंटीवरचा कोट काढला. माशांचं दुकान सहाला बंद व्हायचं.