टोकावरचं थांबणं

उतरणाऱ्यांपैकी कुणी ओरडत नव्हतं, कुणाचे पाय लटपटत नव्हते. केस सारखे करत, मोबाइल चाचपत लोक बाहेर येत होते आणि एकमेकांना विचारत होते, "एवढंच?"

समोरच्या बाकावर बसलेल्या नुरजहाँला तो शब्द खड्यासारखा टोचत होता. पोलादपूरच्या अलीकडे, हायवेला लागून उभारलेल्या या पार्कातला सगळ्यात मोठा खेळ म्हणजे 'कडेलोट'. सिमेंटचा पोकळ डोंगर, आत मिट्ट काळोख, आणि टोकावरून गाडी सरळ खाली. तो चालवायचं काम तिच्या नातवाकडे, मुदस्सरकडे होतं. सहा वर्षं गल्फला असलेच खेळ चालवून तो या नोकरीसाठी घरी परतला होता. पहिला महिना रांगा लागल्या. मग लोक नाकं मुरडू लागले. दहा दिवसांपूर्वी आलेला नवा मॅनेजर विनीत याने जुना खेळ पाहिलाच नव्हता, पण कुणीतरी यंत्रात हात घातलाय असं त्याचं मत झालं होतं. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर मुदस्सरने घरी बसायचं. म्हणजे पुन्हा गल्फ, आणि महाडच्या घरात नुरजहाँ पुन्हा एकटी.

विनीतचा संशय मुदस्सरवर होता. खरं सांगायचं तर तिचाही होता. पंधरा दिवस तो मान खाली घालून जेवत होता. खेळाचं नाव काढलं की पाणी आणायला उठायचा. लहानपणी रेडिओ उघडून ठेवला आणि परत जोडता येईना, तेव्हाही तो असाच पाण्याला उठला होता.

"चल गो, बसून बघू," ती सोनाबाईला म्हणाली. सोनाबाई तिची चाळीस वर्षांची शेजारीण.

"उद्घाटनाला बसलो तेवढं पुरे नाय झालं? माझी कवळी तिथंच राहायची होती."

"आज राहिली तर नवी करून देईन. ऊठ."

गाडी चढू लागली. नुरजहाँने हातातली तसबी, अल्लाच्या नावाची जपमाळ, घट्ट धरली. भीती वाटली की तिचे ओठ आपोआप हलायचे आणि बोटं मणी सरकवायची. उद्घाटनाच्या दिवशी टोकावर गाडी थांबली होती. काळोखात दगड गडगडल्याचा आवाज आला होता, बैठक थरथरली होती. चांगले अकरा मणी सरकले, तेव्हा कुठे गाडी सुटली होती. आज दुसऱ्या मण्यालाच सुटली. गडगडाट नाही, थरथर नाही. वेग तोच, पोटात खड्डाही तसाच, पण भ्यायला सवडच मिळाली नाही.

"झालं?" सोनाबाईने कवळी चाचपत विचारलं.

नुरजहाँला छबिन्याच्या जत्रेतला, हाताने फिरवायचा लाकडी पाळणा आठवला. आपली पेटी वर गेली की गणू पाळणेवाला मुद्दाम पाळणा अडवून विडी पेटवायचा आणि खालून ओरडायचा, "खिळा सापडत नाय गो! बसा जरा!" वर वारा, लांब सावित्रीचं पात्र, आणि पेटी कुरकुरतेय. नवऱ्याचा हात तिने चारचौघांत पहिल्यांदा धरला तो तिथं. पाळणा खाली कसा आला ते तिला आज आठवत नव्हतं. वरचं थांबणं तेवढं आठवत होतं.

तेच इथून कुणीतरी काढून घेतलं होतं.

"गाडी वर थांबत का नाय आता?" तिने रात्री घरी जेवताना मुदस्सरला विचारलं.

मुदस्सर उठू लागला.

"तांब्या इथंच हाय. बस."

तो बसला. बराच वेळ भात चिवडत राहिला.

"तळीयेची एक बाई आलती, दादी. भाच्यांना घेऊन. एकवीस सालच्या दरडीत तिचं अख्खं घर गेलेलं. गाडी खाली आली तरी ती उतरेना. नखांनी पट्टा ओरबाडत होती. मला म्हणाली, 'सोड रे, आई आत हाय.'" त्याने ताट पुढे सारलं. "तो दगडांचा आवाज मीच बसवलेला. खरा वाटावा म्हणून आठ दिवस खपलो होतो. दुसऱ्या दिवशी थरथरीसकट काढून टाकला. मग नुसतं काळोखात थांबलं की लोक गाडी बंद पडली म्हणून शिट्ट्या मारायचे. म्हणून थांबणंपण कापलं."

"मग विनीतला सांग की तसं."

"सांगितलं तर म्हणतील, लाव परत. मी नाय लावला तर दुसरा लावेल."

नुरजहाँने ताट परत त्याच्यापुढे ओढलं. माशाची तुकडी तिने त्याच्या ताटात सरकवली.

शुक्रवारी विनीतने तिलाच ऑफिसात बोलावून घेतलं. मुदस्सर दाराशी उभा होता.

"आजी, तुम्ही उद्घाटनाला बसला होतात आणि परवाही. वेग तपासून झाला, तो बरोबर आहे. मग बदललं काय? तुम्ही वयाने मोठ्या, खोटं बोलणार नाही."

नुरजहाँच्या बोटांत तसबी होती. तिने ती गुंडाळून पिशवीत ठेवली, चेन लावली आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"काय पण नाय बदललं," ती म्हणाली. "तेव्हा नवं होतं म्हणून लोक भ्याले. आंबेनळी घाट एसटीच्या मागच्या सीटवर बसून उतरलेली माणसं आम्ही. तुमच्या सिमेंटच्या डोंगराला किती दिवस भ्यायचं?"

विनीत तिच्याकडे पाहत राहिला. मग मुदस्सरकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"ठीक आहे," तो अखेर म्हणाला. "मालकांना तसं कळवतो. जा रे तू, गाडी सुरू कर."

मुदस्सर गेला. नुरजहाँ पिशवी उचलून उठली.

"आजी," विनीतने मागून विचारलं, "बोलायच्या आधी माळ आत का ठेवलीत?"

"बोटं दुखतात रे आताशा," ती म्हणाली आणि वळून न बघता बाहेर पडली.

बाहेर पहिली गाडी खाली येऊन थांबली होती. एक मुलगी केस सारखे करत तिच्या जवळून गेली. "एवढंच?" ती बापाला विचारत होती.

नुरजहाँ बाकावर बसली. तसबी तिने पिशवीतच राहू दिली.