मळा, माळा, माला

मी वाचनालयात लागले तेव्हा तिथे एकच संगणक होता आणि त्याला हात लावायला सगळे बिचकत. मी टायपिंग शिकलेली, त्यात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तो आपसूक माझ्या गळ्यात पडला. तीन वर्षं खपून मी त्यात वाचनालयाची यादी भरली. अकरा हजार पुस्तकं. प्रत्येकाचं नाव, लेखक, विषय आणि कपाटाचा क्रमांक.

त्यात एकच गोम होती. त्या संगणकाला आपली लिपी येत नसे, म्हणून सगळी नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागली. त्या अक्षरांत मळा, माळा, माला आणि मला ही चौघं जुळ्या भावंडांसारखी दिसत. फुलांच्या माळा कशा गुंफायच्या याचं पुस्तक मागायला आलेल्या एका गृहस्थांच्या हाती मी भाजीच्या मळ्याचं पुस्तक ठेवलं. त्यांनी ते निमूटपणे घरी नेलं, पूर्ण वाचलं, आणि परत करताना सांगितलं की वांग्यांवरचं प्रकरण फार चांगलं आहे.

माझ्या आधी ग्रंथपाल होत्या त्यांना सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणत असे. चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं कार्ड स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी संगणक आला आणि कार्डांचं कपाट जिन्याखाली गेलं. खरं तर ते विकायचंच ठरलं होतं, पण त्या लाकडी धुडाला दारातून बाहेर काढणं कुणाला जमलं नाही. बाई दर मंगळवारी पुस्तक बदलायला येत. माझ्याशी कामापुरतं बोलत, आणि जाताना त्या कपाटावरून एक बोट फिरवून बोटावरची धूळ बघत. मला काही म्हणत नसत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे संगणक रखडायला लागला. सकाळी चालू करावा आणि झाडलोट करून यावं, तरी त्याचं आपलं चाललेलंच. ज्याच्या जोरावर तो चालतो ती त्याची मूळ प्रणाली जुनी झाली होती. नवी विकत घ्यायला समितीचे चिटणीस तयार नव्हते. आहे त्यात भागवा, असं त्यांनी सांगितलं. मी मावशीकडे गेले असताना हे रडगाणं गायले, आणि माझ्या काकांचे कान टवकारले.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, टेलिफोन खात्यात तारा जोडत. घरातलं प्रत्येक यंत्र त्यांनी एकदा तरी उघडलं होतं, आणि मावशीच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येकातून एकेक स्क्रू उरला होता. त्या आठवड्यात ते तीन सीड्या घेऊन वाचनालयात आले. वर जाड पेनाने एक, दोन, तीन असे आकडे घातलेले. याला लिनक्स म्हणतात, ते म्हणाले. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं. मी विचारलं, फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार ना?

“फुकट आहे हे सोड,” काका म्हणाले. “हे उघडून आत बघता येतं. झाकण बंद करून विकलेलं नाहीये. एवढी गोष्ट मला पुरे.”

वाचनालय दुपारी दोन ते चार बंद असे. त्या वेळात आम्ही पहिली सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावू लागल्या. काकांनी बजावून सांगितलं होतं की डिस्कचा अर्धा भाग जुन्यासाठी ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात हे नवं बसवायचं, म्हणजे यादी सुखरूप राहील. तेवढ्यात खालच्या दुकानदाराने त्याच्या मुक्या झालेल्या फोनसाठी त्यांना हाक मारली. मी येईपर्यंत काही करू नकोस, असं सांगून ते गेले.

पडद्यावर एक प्रश्न आला. त्यातलं पहिलं उत्तर आधीच निवडलेलं होतं. मला वाटलं, बनवणाऱ्यांनीच सुचवलंय म्हणजे बरोबरच असणार. मी बटण दाबलं.

काका परत आले तेव्हा अर्धं काम उरकलं होतं. पडदा वाचून ते खुर्चीत बसले. त्यांनी मला एकदाही रागावून विचारलं नाही. म्हणाले, “पूर्ण डिस्क दिलीस गं.”

माझ्याजवळ यादीची नक्कल ठेवलेल्या दोन फ्लॉपी होत्या. एक उघडेना. दुसरीत वर्षापूर्वीची यादी होती, तीही पहिल्या तीन कपाटांपुरती. तीन वर्षांचं काम एका बोटाने गेलं होतं. चार वाजता दार उघडलं आणि मी काउंटरवर उभी राहिले. लोक पुस्तकं मागत होते आणि मी कपाटांमधून आंधळ्यासारखी फिरत होते. काही आठवड्यांनी सांगू, तोवर काहीतरी जमवू, असं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी नेमका मंगळवार. बाईंनी पक्ष्यांच्या स्थलांतरावरचं एक पुस्तक मागितलं. मी एक कपाट बघितलं, दुसरं बघितलं, तिसऱ्यासमोर माझा धीर सुटला. जे झालं ते मी त्यांना सांगून टाकलं. नोकरी जाणार, हे तर मी धरूनच चालले होते.

बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली.

“जिन्याखालच्या कपाटाची किल्ली कुठे असते?”

मी ती दिली. पहिला खण ओढताना त्यांना जोर लावावा लागला. आतून जुन्या कागदाचा वास आला. त्यांनी खण उचलून टेबलावर आणला, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “मी वाचते. तू लिही.”

चिटणीसांना बाईंनीच कळवलं. काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण त्यांनी मला बोलावलं नाही.

लिहायचं कसं, हा प्रश्न काकांनी सोडवला. त्या नव्या प्रणालीत आपली लिपी आहे, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि दोन दिवस खटपट करून ती त्यांनी शोधून काढली. कागदाचे चौकोनी तुकडे कापून मी कळफलकावर अक्षरं चिकटवली. पण पहिली वेलांटी काही केल्या जागेवर बसेना. अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन उभी राही. काकांनी एका टपालयादीवर, म्हणजे हे काम करणारे लोक एकमेकांना जिथे पत्रं लिहीत तिथे, अडचण लिहून पाठवली. तिसऱ्या दिवशी अनोळखी माणसाचं उत्तर आलं. अमुक फाइल उघडा, तमुक ओळ घाला, आणि जमलं की कळवा. जमलं. काकांनी ते उत्तर कागदावर छापून, घडी करून पाकिटात ठेवलं. कुठला कोण माणूस, ते म्हणत, आणि माझ्या वेलांटीसाठी जागचा उठला.

पहिल्या कार्डाचं नाव पडद्यावर उमटलं तेव्हा बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी ते वाचलं.

“माझं अक्षर चांगलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण हेही वाईट नाही.”

नंतरचे सात महिने रोज दुपारी दोन ते चार बाई वाचत गेल्या आणि मी लिहीत गेले. त्यांचा आवाज किंचित घोगरा, पण शब्द स्वच्छ. कार्डांच्या कोपऱ्यांत पेन्सिलीने बारीक नोंदी असत. ‘पान बेचाळीस नाही.’ ‘दोन वर्षांनी घरी जाऊन आणले, चहा मिळाला.’ अशी नोंद आली की बाई थांबत आणि त्या घरची हकीकत सांगत. कोण पुस्तकात वाळलेली पानं ठेवी, कोण शेवटचं पान आधी वाचून मग पुस्तक नेई. मला माझी अकरा हजार पुस्तकं तोवर फक्त क्रमांकांनी माहीत होती. मळा आणि माळा वेगवेगळ्या ओळींत आले, त्या दिवशी आम्ही दोघी हसलो. बाईंना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझी बोटं दुखली की त्या स्वतः लिहायला बसत. एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारत. मशीन अडलं की काकांना फोन लावत आणि आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी करत. शेवटचा खण संपला त्या दुपारी त्यांनी तो उचलून पुन्हा कपाटात सरकवला. मी नुसतंच विचारलं की उद्या याल ना, आणि त्या आल्या.

मग त्यांनी नवंच खूळ घेतलं. पडद्यावरच्या सूचनांचं भाषांतर कुणीतरी हौशी लोक करत होते, आणि ते बाईंना पटेना. ‘निर्गमन करा’ हे शब्द वाचून त्या म्हणाल्या, दारात काय महाराजांसाठी हत्ती उभा आहे? साधं ‘बाहेर पडा’ म्हणा. काकांनी दाखवलं तसं त्यांनी टपालयादीवर पत्र लिहिलं, वाचनालयात येणारी साधी माणसं कशी बोलतात त्याची एकवीस उदाहरणं देऊन. तिकडून कुणीतरी वाद घातला. बाईंनी आणखी एक पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी नवी सीडी आली तेव्हा कोपऱ्यात ‘बाहेर पडा’ लिहिलेलं होतं. त्यांनी ते मला दाखवलं, मग काकांना, मग पुस्तक बदलायला आलेल्या एका पूर्ण अनोळखी बाईला.

त्या आणखी नऊ वर्षं, अगदी अखेरपर्यंत, येत राहिल्या. काकाही आता नाहीत; मावशी सांगते की पाकिटातला तो कागद घडीवर फाटला तरी त्यांनी टाकला नव्हता. मी निवृत्त झाले त्याआधी यादी दोनदा नव्या यंत्रांवर गेली आणि एकही नोंद हरवली नाही. हल्ली तिथल्या मुली सगळं फोनवर बघतात. फार भराभर बघतात. पण बाईंनी पेन्सिलीने लिहिलेल्या त्या नोंदींसाठी मी यादीत एक वेगळा रकाना केला होता, आणि परवा गेले तेव्हा काउंटरवरची मुलगी पुस्तक शोधायचं सोडून त्याच वाचत बसली होती. मी समोरच्या बाकावर बसून तिचं वाचून व्हायची वाट पाहिली.