चाकाखालचं लिंबू

बनशंकरीच्या देवळासमोर गाड्यांची पूजा चालते, तिथं चाकाखाली लिंबू ठेवायचं काम शाल्मलीनं हिसकावूनच घेतलं. तिला नुसतं उभं राहवत नव्हतं. सकाळपासून अक्काच्या नव्या बुटांचं कौतुक, अक्काच्या हेल्मेटचं कौतुक आणि दाजींच्या टायरचं कौतुक ऐकून ऐकून तिचं डोकं भणभणलं होतं. तसं ते कशानंही भणभणायचं. पहिल्या पीयूसीत, म्हणजे अकरावीत, सरांशी भांडून जी घरी आली, ती कॉलेजात परत गेलीच नव्हती.

दाजी म्हणजे शुभंकर. पुण्याचे, राहायला इथंच, एचएसआर लेआउटला, दिवसभर कंप्युटरपुढे. अक्काशी लग्न करून वर्ष होत आलं होतं. त्यांची एक धिप्पाड क्रूझर बाइक. वजन इतकं की मागचा टायर बघता बघता गुळगुळीत व्हायचा. मग दाजींनी कुठल्या तरी परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघितले आणि मागच्या चाकाला चक्क कारचा टायर चढवला. चपटा, रुंद, तिप्पट चालणारा. तेव्हापासून ते भेटेल त्याला तो टायर दाखवायचे आणि त्यावर नंदी हिल्सचा वळणांचा रस्ता चढून आल्याचं सांगायचे.

आज पूजा झाली की इथूनच निघायचं होतं. रात्री चिक्कमगळूर, उद्या चारमाडी घाट. मागच्या सीटवर अक्का.

पुजाऱ्यानं हेडलाइटला कुंकू लावलं, हार घातला. "लिंबू इडी अम्मा, स्वल्प बेगा," तो म्हणाला. म्हणजे लिंबू ठेव, जरा लवकर. मागं तीन रिक्षा आणि एक टेम्पो ताटकळत होते.

शाल्मली मागच्या चाकापाशी वाकली आणि लिंबू हातातच राहिलं.

टायरचा मधला पट्टा घासून चकचकीत झाला होता. पण दोन्ही कडांना रबराचे बारीक केस तसेच उभे होते. दुकानातून नवा टायर आणल्यावर असतात ना, तसे. तिनं बोट फिरवलं. एकही केस झडला नव्हता. बाइक वळताना कलते. कलली की कड रस्त्याला लागते, आणि कड लागली की हे केस पहिल्या दिवशीच जातात. म्हणजे टायर बसवल्यापासून ही बाइक एकदाही कललेली नव्हती.

"दाजी, नंदी हिल्सला कधी गेला होता म्हणालात?"

"मागच्या महिन्यात. अगं, मस्त वळते. कळतसुद्धा नाही कारचा टायर आहे ते."

शाल्मली उठली, किल्ली काढली आणि जीन्सच्या खिशात घातली.

"शालू," अक्का दबक्या आवाजात म्हणाली, "किल्ली दे. लोक बघायलेत."

"बघू देत. तू ह्याच्यावर बसायची नाहीस."

"तू कोण सांगणार?"

"मी खाली वाकून बघितलंय ती. दाजी खोटं बोलायलेत."

दाजींचे कान लाल झाले. "काहीही काय शाल्मली. हजारो लोक वापरतात."

"वापरत असतील. तुम्ही वळलाय का कधी, ते सांगा."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. पुजाऱ्यानं वैतागून बाइक बाजूला घ्यायला सांगितली. ती ढकलत ढकलत तिघं देवळाच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात आली. अक्काचे नवे बूट धुळीनं पांढरे झाले, तशी ती आणखी तापली.

"हिला ना, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. किती दिवसांनी बाहेर पडतोय आम्ही."

शाल्मलीच्या ओठांवर आलेलं ती बोलली असती तर सहा महिने बोलणं बंद झालं असतं. तिनं पूजेच्या पिशवीत हात घातला. लिंबं होती पाच. तिनं ती जमिनीवर एका रेषेत, अंतर सोडून ठेवली.

"ह्यांच्यामधून नागमोडी काढून दाखवा. जरा वेगात, घाटात जाल तशी. एकपण चिरडलं नाही तर पाया पडते आणि परत तोंड उघडत नाही."

"तू आणि तोंड उघडणार नाहीस," अक्का म्हणाली. पण दाजींकडं बघत म्हणाली.

दाजींनी हात पुढं केला. शाल्मलीनं किल्ली दिली. त्यांनी हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला, बाइक लांब नेली, वळवून आणली. ते वळवणंसुद्धा पाय टेकत टेकत.

पहिलं लिंबू त्यांनी चुकवलं. दुसऱ्याला बाइक तिकडं कलायला तयारच होईना. दाजी अंगानं एका बाजूला आणि बाइक ताठ. लिंबू फटकन फुटलं. तिसऱ्याला त्यांनी हँडल जोरात दाबलं, तशी बाइक कडेवर चढल्यासारखी झाली आणि झटक्यात परत सरळ उभी राहिली. मग ती लिंबं सोडून थेट देवळाच्या कंपाउंडकडं निघाली. दाजींनी दोन्ही ब्रेक दाबले. पुढचं चाक भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

अक्काच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं होतं. ते घरंगळत कुठं गेलं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

दाजी उतरले. स्टँड लावायला त्यांना तीनदा पाय मारावा लागला. मग ते तिथंच धुळीत बसले. शाल्मली तावातावानं पुढं गेली होती. चांगले चार-पाच शब्द तयार होते. पण दाजींचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा नव्हता. दुखरी दाढ काढून आलेल्या माणसाचा होता.

"पायथ्यापर्यंतच गेलो होतो," ते म्हणाले. "नंदीच्या. पहिलं वळण घेतलं नि बाइक अशीच सरळ समोरच्या लेनमध्ये निघाली. कसाबसा थांबलो. मग कॉफी प्यालो, फोटो काढला आणि परत आलो. जे लोक वापरतात ते सवय करून घेतात. मी रोज ऑफिसला सरळ जातो, सरळ येतो."

"मग आज का निघालात?"

"घाटात जाणार म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर टाकून बसलो होतो. हिनं बूट आणले. कुणीतरी जाऊ नका म्हणेल म्हणून ज्याला त्याला टायर दाखवत होतो. सगळे आपले मस्त म्हणायचे."

 शाल्मली खाली बसली आणि दाजींना पाण्याची बाटली दिली. 

अक्का आली. तिनं आधी नवऱ्याच्या पाठीत हातमोज्यानं एक हाणली, मग त्याच पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "मला सांगायचं नाही होय? मी काय खाल्लं असतं?"

"बसनं जाऊ या का?" दाजींनी विचारलं.

"जाऊ या. पण बूट हेच घालणार मी."

"घाल," शाल्मली म्हणाली. "कंडक्टरला वाटेल तूच चालवणार आहेस."

अक्का हसली. डोळे पुसत हसली, आणि जाता जाता बहिणीची वेणी ओढून गेली. तेवढ्यावर भांडण मिटलं.

बाइक घरी अंगणात कापडाखाली गेली. सोमवारी बाइकचाच टायर परत घालायचा, असं दाजींनी निघण्याआधीच दुकानदाराला फोनवर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मलीच्या फोनवर फोटो आला. बसची खिडकी, बाहेर धुकं, खाली दरीत वळत गेलेला रस्ता, आणि पांढरीफटक पडलेली अक्का. खाली दाजींनी लिहिलं होतं: "प्रत्येक वळणाला ओकतेय. मी पिशव्या धरतोय. वळणं पण काय वळणं आहेत ग."

मैदानातनं उचलून आणलेल्या शाबूत लिंबांतलं एक शाल्मलीनं सरबतासाठी कापलं होतं. तिनं तो फोटो मोठा करून रस्ता नीट बघितला, एकेक वळण. मग सरबताचा ग्लास एका दमात रिकामा केला आणि उत्तर पाठवलं: "ओकू दे. आली की बूट धुऊन देते म्हणावं."