अंबाण्णाचा ऐतवार

आमच्या गावात दरसाल ईस्टरच्या पहाटे येशू ख्रिस्त कबरीच्या मागच्या भोकातून रांगत बाहेर येतो. मला हे ठाऊक आहे, कारण त्या भोकाशी मीच बसलेला असतो.

मी ख्रिस्ती नाही. इथल्या सरकारी मराठी शाळेत मास्तर आहे. आमच्या घरात देव भरपूर, विश्वास बेताचा. पण नाटकाला मागून वाचणारा माणूस लागतो, आणि चर्चच्या आळीत ज्याला ज्याला वाचता येतं तो नाटकात काम करतो. म्हणून बिदरकडच्या हुलसूरच्या अलीकडच्या या गावात प्रभूला त्याचं विसरलेलं वाक्य आठवून द्यायचं काम एका ब्राह्मणाकडे आलं. कोणाची तक्रार नाही. माईक गणेश मंडळाचा असतो, पडदा मंगल कार्यालयाचा, आणि रोमन शिपायांच्या ढाली म्हणजे ज्याच्या त्याच्या घरच्या पराती.

कबर चर्चच्या अंगणात उभी करतात. कडब्याच्या पेंढ्या, त्यावर बारदान, बारदानावर चुना आणि काजळी. लांबून दगड वाटतो. शेळ्यांना जवळून कडबाच वाटतो, म्हणून त्यांना लांब बांधतात. दाराशी लावायची धोंड म्हणजे ट्रॅक्टरचं जुनं टायर. ते लोटायचं काम खरं देवदूताचं, पण देवदूत म्हणजे बिदरला नर्सिंग शिकणारी प्रियंका, तिला टायर हलत नाही. म्हणून शिपाई आधी टायर लोटून देतात आणि मग बेशुद्ध पडतात. ढोल वाजला की येशूनं मागच्या भोकातून निघून लिंबाच्या झाडाआड जायचं. पुढं देवदूत सांगतो, इथं कोणी नाही. बाया आत डोकावतात, कबर रिकामी. मग लिंबाआडून येशू येतो आणि म्हणतो, भिऊ नका. संपलं. एवढ्यावर ती आळी पुढचं वर्ष काढते.

गेली वीसेक वर्षं येशू म्हणजे अंबाजी गवंडी. नाव आजोबाचं, आजोबा बाप्तिस्म्याच्या आधीचे. त्याची बायको हेमावती नाटकात कबरीवर येणारी मरिया. ती आमच्या शाळेत दुपारचा भात रांधते. काही घरांतली पोरं अजून घरून डबा आणतात. कारण विचारलं तर पोट नाजूक आहे म्हणतात. नाजूक पोटं नेमकी एकाच आळीत कशी जन्मली, यावर कोणी संशोधन केलेलं नाही.

यंदा अंबाण्णानं जाहीर केलं होतं, आता बास. "येशू तेहतिसाव्या साली गेला. मी पन्नाशी वलांडलाव. लोक म्हनतील, ह्याला क्रुसावर द्यायला लई उशीर केला." म्हणून काम त्याच्या पोराकडं गेलं. शांतराज. हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर होता. थापी बापानंच हातात दिलेली. शनिवारी रात्रीच्या बसनं यायचा, रविवारी तालीम करायचा. हेमाक्कानं झगा उसवून त्याच्या मापाचा शिवला. पोरगं काम बरं करायचं. फक्त "भिऊ नका" म्हणताना त्याला हसू यायचं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एके दिवशी तो बांधकामाच्या परांचीवरून पडला. गावात अँब्युलन्सनं आला, म्हणजे अँब्युलन्सचा उपयोग भाड्याच्या गाडीसारखाच झाला.

मातीला मी गेलो होतो. पास्टर बाबूलाल यांनी सांगितलं की शेवटच्या दिवशी शांतराज उठेल. अंबाण्णानं मान हलवली. कंत्राटदार मजुरीबद्दल 'बघू' म्हणतो तेव्हा गवंडी हलवतात, तशी.

पुढच्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीची माणसं त्याच्या दारात आली. शोक करायचा होता आणि नाटकाचंही ठरवायचं होतं. दोन्ही एकाच चहात उरकलं. येशूला शिक्षा देणाऱ्या पिलाताचं काम करणाऱ्या बस-कंडक्टरनं विषय काढला.

"अंबाण्णा, ह्या साली तूच कर की. दुसऱ्या कुनाला पाठ न्हाई."

"बंद ठेवा एक साल."

"बंद? आन् लोक काय म्हनतील? येशू उठलाच न्हाई म्हनतील की!"

पास्टर म्हणाले, "देव बळ देईल."

अंबाण्णानं कपातली साय बोटानं काढली. मग म्हणाला, "शुक्रवारचं करतो. ऐतवारचं बगू."

कमिटीनं हे होकारात धरलं. चहा संपला होता.

हेमाक्का तर कमिटी येण्याच्याही आधी कामावर आली होती. माती झाल्यावर येणाऱ्या सोमवारीच. मी शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या कौलातून धूर निघत होता. मी म्हणालो, "अक्का, थोडे दिवस सुट्टी घ्यायची होती."

"लेकरं जेवायची ऱ्हातीत का सर?" तिनं विचारलं आणि तांदळातले खडे बाजूला काढत राहिली. यावर शिक्षण खात्याचं कुठलंही परिपत्रक नव्हतं, म्हणून मी वर्गात गेलो.

तालमीत अंबाण्णा सगळं बरोबर करायचा. झगा मात्र अंगात जेमतेम शिरायचा. पोराच्या मापाचा तो, पुन्हा उसवायला हेमाक्का तयार नव्हती. एकदा सगळे गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"सर, मरायचं जमायलंय. त्यात काय न्हाई. पन ऐतवारी उठून 'भिऊ नका' म्हनायचं, ते कसं म्हनू?"

"नाटक आहे अंबाण्णा. म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"इतकी सालं मी नाटक करत नव्हतो, सर."

बी.एड.ला हा भाग नव्हता. मी विचारलं, "पाठ तर आहे ना?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी वही मिटून घेतली.

शुक्रवारी तो इतका चांगला मेला, की बाया रडायच्या थांबेनात आणि पास्टरांना प्रवचन आखडतं घ्यावं लागलं. दरसाल तो कबरीत ठेवल्याबरोबर मागून निघून घरी जेवायला जातो. यंदा निघेना. मी बारदान वर करून हाक मारली.

"ऱ्हाऊ द्या जरा," आतून तो म्हणाला. "हितं बरं वाटायलंय. गार हाय."

रविवारी उजाडायच्या आत अंगण भरलं. अंबाण्णा त्याआधीच कबरीत जाऊन निजला होता. पुरुष सतरंजीवर, बाया पायऱ्यांवर, माजी जिल्हा पंचायत सदस्य सोफ्यावर. मी मागं वही आणि बॅटरी घेऊन बसलो. ढोल वाजला. शिपायांनी टायर लोटलं आणि कुसळं नाहीत अशी जागा बघून बेशुद्ध पडले. मी बारदान उचललं.

"अंबाण्णा, निघ."

तो उताणा पडला होता. डोळे उघडे. मी बाही ओढली.

"तुमी जावा सर," तो म्हणाला.

पुढं प्रियंका थर्माकोलचे पंख सावरत उभी राहिली होती. तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "बायांनो, ज्याला शोधायला आलात तो इथं नाही! तो उठला!"

कबरीच्या दारातून अंबाण्णाचे पाय दिसत होते. सिमेंटनं भेगाळलेले, गवंड्याचे. असे पाय गावात ओळखू येतात.

"अगं, हाय की गे!" पायरीवरची एक म्हातारी ओरडली. "पाय दिसायलेत त्याचे!"

प्रियंकानं वळून पाहिलं. मग तेच वाक्य तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. नर्सिंगमध्ये हे शिकवत असावेत. नातेवाईक ऐकत नसले की तेच वाक्य जरा मोठ्यानं सांगायचं. ढोलवाल्यानं आपली चूक असेल समजून पुन्हा ढोल वाजवला. एक शिपाई बेशुद्धीतून उठून बघून पुन्हा बेशुद्ध पडला. पूर्वेला लाली यायला लागली होती, आणि सूर्याला थांबवायचा अधिकार कमिटीकडं नव्हता. पास्टर लांबून मला हातवारे करत होते. काहीतरी करा. मी काय करणार होतो? माझ्याकडं फक्त वाक्यं होती.

तेवढ्यात हेमाक्का पुढं आली. पांढरं लुगडं, हातात प्रेताला लावायच्या उटण्याचा तांब्या. वहीप्रमाणं तिनं दारातून डोकावून, किंचाळून माघारी पळायचं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि वाकून आत शिरली.

कडब्यातून आवाज आरपार येतो. लोकांना ऐकू गेलं नाही, मला गेलं.

"आवो. उठा."

बाही ओढल्याचा आवाज आला.

"लोक बसलेत."

"पोरगं मातीत हाय," तो म्हणाला, "आन् मी उठून दावू व्हय गे? कुनाला? त्या सोप्यावरच्याला?"

"मंग मी काय करायले रोज?" तिचा आवाज चढला नाही. शाळेत वाढताना 'अजून भात पायजे का' विचारते, तसाच होता. "मी उठायलेच की. अंधारात उठायले, चूल पेटवायले, लेकरांचा भात टाकायले. मला कोन ढोल वाजिवलं?"

बाहेर कोणीतरी खोकलं. अंबाण्णानं विचारलं, "हेमे, तुला खरं वाटतंय का? त्यो उठंल म्हनून?"

मला वाटलं, आता पास्टरांचं वाक्य येणार. वहीतही त्याच अर्थाचं एक होतं, मी नकळत पान उलटलं.

"सकाळी न्हाई वाटत," ती म्हणाली. "तांदूळ निवडून झाले की जरासं वाटतंय. दुपारी पुन्हा जातंय."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिशी पुन्हा तांदूळ हाईतच की."

आत तो कुशीवर वळला.

"लई कटाळा आलाय मला," ती म्हणाली, आणि इथं मात्र तिचा आवाज फुटला. "एकलीच उठायले मी. एकलीच. चला ना."

कडबा सळसळला. झगा काखेत टरकन उसवला. मी बारदान वर धरून बसलो, पण मागं कोणी आलंच नाही. ती दोघं पुढच्या दारानंच बाहेर पडली, ती आधी, तिच्या मनगटाला धरून तो मागून, वाकलेला, कडब्याची पानं केसांत. वीस वर्षांत येशूला कबरीतून निघताना कोणी पाहिलं नव्हतं.

तो माईकसमोर उभा राहिला. मी पडद्याकडेनं सरकत जवळ गेलो आणि दबक्या आवाजात वाक्य दिलं, "भिऊ नका."

त्यानं केसांतलं कडब्याचं एक पान काढलं.

"भिऊ नका," मी पुन्हा म्हणालो.

अंबाण्णानं लोकांकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं. "भ्या तर वाटायलंय," तो माईकवर म्हणाला. "पन उठलाव."

गणेश मंडळाचा माईक जोरदार आहे, ते पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. पास्टर बाबूलाल यांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी हात उंचावून गर्जना केली, "प्रभू उठला आहे!" आणि साऱ्या अंगणानं उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" कंडक्टर डोळे पुसत होता, कडब्याची धूळ म्हणाला. मी ओरडलो नाही. माझ्या हातात वही होती.

मग सगळ्यांना उप्पीट आणि चहा मिळाला. पास्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, शास्त्रात बाहेर येताना कोणी पाहिलेलं नाही. पुढच्या साली मागूनच काढा." मी बरं म्हणालो. हेमाक्कानं कबरीतली चादर झटकून घडी घातली, तांब्या उचलला आणि ती कोणाशी न बोलता घरी गेली. सकाळची वेळ होती. तिच्या हिशोबानं अजून काही वाटायची वेळ झाली नव्हती. शेळ्या सोडल्या होत्या. दुपारपर्यंत त्यांनी कबरीची एक बाजू खाऊन टाकली.

सोमवारी मी शाळेत पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून अंबाण्णा बसलेला होता. पुढ्यात लसणाची टोपली. चेहरा शुक्रवारचाच. हैदराबादच्या बातमीपासून तो परांचीवर चढलेला नाही, आणि चढेल असं वाटतही नाही.

"काय अंबाण्णा, उठलास का?"

"उठलाव सर. हिनं उठिवलं, अंधारातच."

"मग? आता पुढं काय?"

त्यानं एक पाकळी सोलली, डोळ्यांसमोर धरून बघितली. "पुढचं तुमच्या वहीत न्हाई. ते ऐतवारीच संपतंय."

आतून हेमाक्कानं विचारलं, "आवो, लसूण झाला का?"

"व्हायलाय," तो म्हणाला. टोपलीत अजून पुष्कळ होता.